पहिली मासळी घरात

सोमवार, ७ एप्रिल

आज मला काम मिळालं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, त्यानंतर पहिल्यांदाच. पगार नाही, पण काम मानाचं आहे. म्हणून ह्यांच्या कपाटातली कोरी डायरी उचलली आणि लिहायला बसले.

झालं असं, की आरोग्य केंद्रातली डॉक्टर उन्नती सकाळी ह्यांचं ब्लडप्रेशर बघायला घरी आली. पोरगी माझ्या भाचीच्या वयाची, पण कामाला वाघ. चहा पिता पिता म्हणाली, "काकू, मला तुमचा आवाज हवा आहे." मला वाटलं, गाणं म्हणायला सांगते की काय! तर नाही. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या लोकांना फ्लूची लस द्यायची आहे. पावसाळ्यात हा ताप घरोघर फिरतो. धडधाकट माणसाला आठवडाभर लोळवतो आणि सोडून देतो. पण साठी उलटलेले, दमेकरी, साखरवाले, पोटुशा बायका, यांच्या छातीत उतरतो. मागच्या पावसाळ्यात बंदरावरचा एक माणूस त्यातच गेला. पाऊस लागायच्या आत लस घेतली तर अंग तयारीत राहतं. केंद्रात लस येऊन पडली आहे, फुकट आहे, आणि बंदरावरून कुणी फिरकत नाही. उन्नतीने एकेचाळीस नावांची यादी माझ्या हातात ठेवली. सगळे जोखमीचे. त्यांना फोन करून बोलवायचं.

टेलिफोन खात्यात मी चौतीस वर्षं काढली. ट्रंक कॉलच्या जमान्यात माझा "नमस्कार, बोला" ऐकून भांडायला बसलेली माणसं सॉरी म्हणायची. उन्नतीला म्हटलं, एकेचाळीसच्या एकेचाळीस आणून दाखवते.

निघताना तिने टेबलावरच्या माझ्या श्वासाच्या पंपाकडे बघितलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही घेतली का हो लस?" मी म्हटलं, "मला काय धाड भरली आहे?" तो पंप धुळीसाठी आहे. थंडीत लागतो, पावसात लागतो आणि जिना चढल्यावर लागतो. दमाबिमा काही नाही. शिवाय सुईची आणि माझी पत्रिका जुळत नाही, पण हे आपलं या डायरीपुरतं.

ती गेल्यावर आमचे हे, म्हणजे आत्माराम, पेपरामागून म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं म्हटलंच नाही. काय सुचवायचं होतं कोण जाणे.

शुक्रवार, ११ एप्रिल

चार दिवसांत एकेचाळीस फोन. अडतीस जण "हो हो, येतो" म्हणाले. दोन नंबर बंद. एका बाईने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "सुई? नाय," म्हणाली आणि फोन ठेवून दिला. नाव मार्था, वय एकोणसत्तर, दमा आणि साखर. चौतीस वर्षांत माझ्या बोलण्यावर असा फोन कुणी आपटला नव्हता. नावापुढे लाल खूण करून ठेवली आहे.

पण अडतीस! ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "उंटावरून शेळ्या हाकतेयस." मत्सर, दुसरं काय?

शिबिराचा दिवस मीच ठरवून दिला. रविवार नको, बंदरावरचे बरेचसे ख्रिस्ती, त्यांची चर्चमध्ये मिस्सा असते. म्हणून २६ तारीख, चौथा शनिवार. सगळ्यांना सुट्टी. एवढा बारीक विचार कोण करतं हल्ली?

शनिवार, २६ एप्रिल

तीन आले.

तिघंही यादीबाहेरचे. त्यातले दोघं वीज मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ आणि त्यांची बायको. तिसरे आजोबा पंख्याखाली बसायला म्हणून आले होते, उन्नतीने गोड बोलून त्यांना टोचलं. मी नऊपासून एकपर्यंत दारात उभी. पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या. उन्नती नर्सच्या बरोबरीने खुर्च्या रचायला लागली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. उरलेली लस मे महिनाअखेरपर्यंत इथे राहील, मग दुसऱ्या केंद्रात जाईल, एवढंच सांगितलं.

मला राग आवरत नाही. अडतीस माणसं तोंडावर "हो" म्हणतात आणि एक फिरकत नाही! इतकी खोटी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

सोमवार, २८ एप्रिल

जाब विचारायला स्वतः पाचूबंदरला गेले. वसईत राहायला येऊन पस्तीस वर्षं झाली आणि जेट्टीवर पाय ठेवायची ही पहिलीच वेळ. मासे दारावर येतात, जायचं कशाला? चप्पल चिखलात रुतली, साडी घोट्यापर्यंत बर्फाच्या पाण्याने भिजली, आणि एक पाटीवाली अंगावरून गेली ती "सरक गो" म्हणून.

लिलाव चालू होता. बोटीतून पाट्या उतरत होत्या, बायका गोल करून उभ्या. नवल म्हणजे, एवढा गलका, पण पाटी समोर आली की सगळ्या गप्प. एक काटकुळी म्हातारी पुढे व्हायची, एक मासा उचलायची, त्याच्या गालाजवळचा कल्ला वर करून आत बघायची आणि पहिली बोली लावायची. मगच बाकीच्यांची तोंडं उघडायची. ती बोलली नाही तर पाटी तशीच पडून. बोलताना तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. ती शिट्टी कुठेतरी ऐकल्यासारखी वाटली.

मी शेजारणीला म्हटलं, "यादीतली माणसं कुठे भेटतील? मी आरोग्य केंद्रातून..." म्हातारीने मान वळवली. "तू ती फोनवाली नाय? आवाज वलखला मी."

हीच ती मार्था.

मी सगळा राग तिच्यावर काढला. अडतीस जण हो म्हणाले आणि शनिवारी एकही नाही! ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शनवारी चवदस व्हती, बाय. उधान. दर्या देतो तवा घरात कोन बसेल?"

"पण चौथा शनिवार होता. सुट्टी असते."

"दर्याला कसला गो चौथा शनवार?"

भोवतालच्या बायका अशा हसल्या की एकीच्या डोक्यावरची पाटी कलंडली. मग मार्थानेच समजावलं. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ असते, जाळी भरतात, माणसाला शिंकायला फुरसत नसते. अष्टमीच्या सुमाराला भांग. ओढ नसते, जाळी घरी, माणसं घरी. "तवा ये." आणि मग त्या अडतीस जणांनी हो तरी का म्हटलं? "तू इतकी ग्वाड बोललीस, तुला नाय कोन बोलेल?"

मी विचारलं, "मग तुम्ही कशा 'नाही' म्हणालात?"

"मी येनार नव्हते, म्हनून," ती म्हणाली आणि पुढच्या पाटीकडे वळली.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं. ५ मे, सोमवार, अष्टमी. उन्नतीला लगेच फोन करून दिवस बदलायला लावला. हे लक्षात आणून दिल्याबद्दल ती माझं फार कौतुक करत होती.

बुधवार, ३० एप्रिल

सकाळी फोन आला. "आंटी, मी प्रीतल. मार्थाची सून. मला लस घ्यायचीय, पण मम्मी हो बोलत नाय. तुम्ही घरी येऊन बोलाल का प्लीज?"

गेले. प्रीतलला सहावा सरून सातवा लागलाय. नवरा जेन्सन बोटीवर. बारीक चणीची पोर, सगळं पोटच पोट. तिला लसीचं सगळं माहीत आहे, मोबाइलवर वाचलंय, उन्नतीशी बोललीय. पोटुशीला हा ताप जड जातो, आणि आईने घेतली तर बाळालाही पहिले काही महिने आसरा मिळतो. पण त्या घरात मार्थाच्या शब्दाबाहेर काही होत नाही. घरातच का, उन्नती म्हणते त्या सगळ्या वाड्यात होत नाही. मार्था नाही म्हणते तोवर एक बाई खुर्चीत बसणार नाही.

भिंतीवर पीटरचा फोटो, खाली लाल दिवा. मार्थाचा नवरा. उन्नतीने सांगितलेला, मागच्या पावसाळ्यात गेलेला माणूस तोच. मार्थाने मला कोकम सरबत दिलं आणि मी न विचारताच सांगितलं. चार दिवस ताप. पीटर म्हणायचा, उतरंल. पाचव्या दिवशी श्वास पुरेना तेव्हा दवाखान्यात नेलं. "तिकडं सुई टोचली. दुसरे दिवशी सकालला मानूस नाय. चालत गेला व्हता गो तो. माजा हात धरून चालत गेला व्हता."

मी माझा ठेवणीतला आवाज काढला. ते इंजेक्शन वेगळं, ही लस वेगळी, त्यांना उशीर झाला होता, सुईने काही... मार्था ऐकत होती, पण डोळे फोटोकडे. मला कळत होतं की लाइन लागलेली नाही आणि मी नुसतीच बोलते आहे.

मग ती म्हणाली, "आमच्यात रीत हाय. पाटीतली पयली मासली आपल्या घरात जाते. मंग बाकीची बाजारात. जी आपल्या घरात नाय शिजवली, ती लोकांच्या गल्यात नाय घालायची. माजी सासू हेच सांगून गेली." आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "तू घेतलीस?"

दारात प्रीतल उभी होती, एक हात पोटावर.

"हो. घेतली ना," मी म्हटलं.

एक्स्चेंजमध्ये दिवसातून शंभरदा "लाइन लागतेय, होल्ड करा" म्हणायचे, लागत नसली तरी. त्याच आवाजात निघून गेलं. मार्था माझ्याकडे निरखून बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. अष्टमीला येते मी. आनि बायांना पन सांगते."

प्रीतलने माझा हात दाबला. मी जिंकून घरी आले. जेवताना ह्यांना सांगितलं, पण शेवटचं तेवढं सांगितलं नाही.

शुक्रवार, २ मे

दोन दिवस अन्न गोड लागत नाही. म्हटलं, त्यात काय, आज जाऊन टोचून घेते, म्हणजे खोटं ते खरं होईल. केंद्रापर्यंत गेले. दारातून आतला ट्रे दिसला. सुया, कापूस, ते निळं झाकण. समोरच्या भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आले.

ह्यांनी विचारलं, "कोथिंबीर कशाला? आहे की फ्रिजमध्ये." मी म्हटलं, असू दे.

सोमवार, ५ मे

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

जेट्टीजवळ जाळी विणायची शेड आहे, तिथे उन्नतीने टेबल मांडलं. नऊ वाजता बघते तर बाकं भरलेली. बाया, बाप्ये, काठ्या टेकत आलेले म्हातारे. पाणी खरंच शांत होतं आणि बोटी ओळीने उभ्या होत्या. मार्था सगळ्यांत पुढे, ठेवणीतलं लुगडं नेसून, केस चापूनचोपून. तिच्या मागे प्रीतल. उन्नती रजिस्टर उघडून बसली आणि मार्था खुर्चीत बसली.

तिने बाही वर केली. मग बायकांकडे वळली आणि लिलावातल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐका गो. ह्या बायनं पयली आपल्या अंगात घेतलीय, मंग मना सांगितलंय. म्हनून मी घेते."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. उन्नतीला खरं माहीत होतं, पण ती रजिस्टरच बघत होती. मला एकदम पीटरचा फोटो आठवला. हात धरून चालत गेलेला माणूस. त्या बाईने या खुर्चीत बसायला काय काय गिळलं असेल, आणि मी तिला शिळा माल विकला होता.

"थांबा," मी म्हटलं. आवाज असा फाटला की मलाच ओळखू येईना. "मी घेतलेली नाही. मार्था, मी तुला खोटं सांगितलं. मला सुईची भीती वाटते. सातवीत असताना शाळेत टोचायला आले होते, तेव्हा मागच्या भिंतीवरून उडी टाकून पळाले होते. तेव्हापासून पळतेच आहे."

कुणीही हसलं नाही. मागच्या बाकावरची एक बाई उठली. तिच्या शेजारची उठली. मार्थाने बाही खाली केली आणि खुर्चीतून उठली. प्रीतलचा चेहरा मला बघवेना. संपलं, असं वाटलं. पस्तीस-चाळीस माणसांचा पावसाळा माझ्या एका "हो"ने बुडाला.

मार्थाने खुर्चीवर थाप मारली. "बस."

"काय?"

"बस गो. पयली तुजी."

मी बसले. उन्नती कापूस घेऊन जवळ आली. मी तिला म्हटलं, "आणि मला दमा आहे." हे तेव्हा का म्हटलं ठाऊक नाही. आजवर कुणाला म्हटलं नव्हतं.

"माहीत आहे, काकू," ती म्हणाली.

मार्थाने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तिचे हात खवल्यांसारखे खरखरीत आहेत. "हिकडं बग. माज्याकडं. सुईकडं नाय." मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय, तो मी नीट बघितला. मुंगी चावल्यागत काहीतरी झालं.

"झालं," उन्नती म्हणाली.

"झालं?" पन्नास वर्षं मी ह्याला घाबरत होते?

आता मात्र सगळी शेड हसली. उठलेल्या दोघी परत बसल्या. मी मार्थाला म्हटलं, "रागावलीस ना माझ्यावर?"

"मासा शिला हाय का ताजा, ते आमी कल्ला उचलून बगतो. तुजे कल्ले मी त्या दिवशीच बगितले, घरी आलीस तवा."

"मग आज आलीस कशाला?"

"बोलतेस का, ते बगायला."

आणि बसली खुर्चीत. डोळे मिटून तिने ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली, त्यात पीटरचं नाव मला ऐकू आलं. सुई टोचली तेव्हा तिने माझं मनगट धरलं होतं, ते अजून दुखतंय. मग डोळे उघडले, पदराने पुसले आणि म्हणाली, "प्रीतल, बस."

त्यानंतर मला बोलावंच लागलं नाही. मार्था खुर्चीशेजारी उभी राहिली आणि एकेकाला नावाने पुकारत गेली. एक आजोबा कुरकुरले, तर त्यांना म्हणाली, "बाय घाबरून बसली, तू काय तिच्यापरीस घाबरट?" सव्वा अकराला उन्नतीला केंद्रातून आणखी लस मागवावी लागली.

माझ्या आयुष्यात मला बढती मिळाली आहे, बक्षीस मिळालं आहे, एकदा साहेबांनी सगळ्यांदेखत शालही दिली होती. पण आज जशी तरंगत घरी आले, तशी कधीच आले नव्हते.

मंगळवार, ६ मे

दंड ठणकतोय. बाकी काही नाही. ह्यांना पाच वेळा दाखवला.

उन्नतीने आकडा सांगितला. यादीतले एकेचाळीस, त्यातले छत्तीस झाले. शिवाय यादीत नसलेले अकरा. तिने रजिस्टरही दाखवलं. पहिल्या ओळीत माझं नाव! विनया परुळेकर, वय ६६, दमा, तीन वर्षं नकार. तारीख ७ एप्रिल. त्याखाली बाकीची एकेचाळीस. मी तिला म्हटलं, "अगं, मी तर काल घेतली, तारीख चुकलीय तुझी." ती म्हणाली, "राहू दे, काकू." इतकी हुशार पोरगी, पण लिहिण्यात धांदरट.

ह्यांना हे सांगितलं तर इतके हसले की ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मात्र सांगितलं नाही.

सोमवार, १४ जुलै

तापाची साथ आली आहे. आमच्या सोसायटीत चार घरांत. आणि आज सकाळी प्रीतलचा फोन, "मम्मीला रात्रीपासून ताप आहे. बोलते, उतरंल."

उतरंल! पीटरही हेच म्हणायचा. मी साडी बदलली, रिक्षा केली आणि गेले. मार्था गोधडीत. म्हणाली, "लस घेतली ना, मंग कसा आला ताप?" तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मी म्हटलं, "लस घेऊनही ताप येऊ शकतो. उन्नतीने तेव्हाच सांगितलं होतं. पण तो छातीत खोल उतरू नये म्हणून घेतलीय, आणि वाट बघत बसायचं नाही म्हणून मी आलेय. ऊठ." ठेवणीतला आवाज नव्हता, हा घरातला होता. ह्यांच्यावर वापरते तो.

ती उठली. माझा हात धरून चालत रिक्षेपर्यंत आली.

उन्नतीने तपासलं. बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा चांगला होता. गोळ्या दिल्या. मार्था चालत गेली होती, चालत परत आली.

शुक्रवार, १८ जुलै

आज पाचवा दिवस. पीटरचा पाचवा दिवस कसा होता ते मला ठाऊक असल्यामुळे सकाळपासून काही सुचत नव्हतं. देवापुढे दिवा लावला, दोनदा फोन उचलून खाली ठेवला. साडेदहाला फोन वाजला. पावसाळ्यात मासेमारी बंद असलेल्या जेट्टीवरचा वारा ऐकू आला आणि ती शिट्टी.

"फोनवाली? मी मार्था. उटलेय. जाली बगायला आलेय."

मी रडले. डायरीत लिहायला हरकत नाही, मी चांगली हुंदके देऊन रडले आणि ती पलीकडून "अगो, अगो" करत राहिली.

मंगळवार, २९ जुलै

प्रीतलला मुलगी झाली! पावणेतीन किलो. प्रीतलला सगळ्या साथीत एक दिवसही ताप आला नाही. मार्थाने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, "ही आमची फोनवाली. सुईला लय घाबरते." अख्ख्या वॉर्डात माझी ही ओळख. पण सांगताना तिचा ऊर भरून आला होता, मी काय आंधळी आहे?

बुधवार, १३ ऑगस्ट

सकाळी बेल वाजली. दारात मार्था, डोक्यावर पाटी. लिफ्ट बंद, तीन जिने चढून आली होती. दारातच टेकली, दोन घोट पाणी प्यायली.

"शीजनची पयली बोट आली आज," ती म्हणाली आणि पाटीवरचं केळीचं पान बाजूला केलं. दोन पापलेटं, हातभर, चांदीसारखी. तिने एकाचा कल्ला उचलून मला दाखवला. लालभडक.

मी म्हटलं, "अगं मार्था, श्रावण आहे. छत्तीस वर्षं पाळतेय मी." मग दुसरंच काही आठवलं. "आणि पहिली मासळी आपल्या घरात शिजते ना तुमच्यात? घरात बाळंतीण आहे, तिला ठेवायची सोडून बाहेर कुठे घेऊन आलीस?"

तिने माझ्याकडे बघितलं, चौथ्या शनिवारचं बोलले होते तेव्हा बघितलं होतं तसंच.

"बायेर कुटं आनलीय? घरातच आनलीय."

पाटी रिकामी केली आणि निघालीसुद्धा. लिलावाला उशीर होत होता.

मी ओट्यापाशी किती वेळ उभी होते, माहीत नाही. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हटलं, आता एखादी म्हण ऐकवतील. पण त्यांनी तवा काढून शेगडीवर ठेवला.

मग मी पापलेटं साफ केली. मीठ, हळद, चिंच लावली. तांदळाचं पीठ लावून तव्यावर टाकली आणि दोन ताटं वाढली.

"तुझा श्रावण?" ह्यांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी."

पहिला घास मी घेतला. तो घरच्या माणसानेच घ्यायचा असतो.